एकावर एक अकरा

हिरू,

तुझ्या फॉर्मातला तिसरा रकाना मी अजून भरलेला नाही. तू गेलीस त्याला आज वीस दिवस झाले. शनिवारची सकाळ आहे, आणि मी मुलुंडला माझ्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले आहे. उद्याच्या रविवारसाठी मासे मागवायचेत. पहिल्या रकान्यात नाव लिहिलं, सुनंदा. दुसऱ्यात पत्ता लिहिला. तिसऱ्यापाशी गाडी अडली. 'घरची माणसं किती?' एवढासा तो प्रश्न. उत्तर तुला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे, आणि आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं, मग बघू.

माहुलला त्या दिवशी तुझ्या दारात सगळे तुझ्या मासळीच्या धंद्याबद्दल बोलत होते. डोक्यावरची पाटी, तुझा तो खणखणीत आवाज, कुठल्या गिऱ्हाइकाला कसं फटकारलंस, सगळं निघालं. एकानेही म्हटलं नाही की ही बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी जेक्वेरी, म्हणजे वेबसाइटवरचे फॉर्म चालवायची भाषा, शिकली. माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तुझ्या एवढ्या गोतावळ्यात मी एकटी परकी, बोलणार कोणापाशी? आता इथं बोलते. तू ऐक, नाहीतर नको ऐकूस. जिवंतपणी तरी कुठे ऐकत होतीस!

घाटकोपरचा तो क्लास आठवतो ना, फरसाणवाल्याच्या डोक्यावरचा? खालून पापडीचा वास आणि वर आपण वेबसाइट बनवणार. मी नुकतीच निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं ऑफिसच्या खिडकीत बसून लोकांचे फॉर्म तपासले. अभ्यासक्रमाच्या कागदावर 'फॉर्म' हा शब्द वाचला आणि वाटलं, हे तर आपलं माहेर. पैसे भरून मोकळी झाले. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी विशीतली पोरं, आणि शेवटच्या बाकावर नऊवारीत, केसांत अबोलीचा वळेसर माळून तू. मला वाटलं, कोणाला तरी सोडायला आली आहेस.

"बस गो," तू म्हणालीस. "माझ्यासारखी आनखी एक म्हातारी आयली, बरा झाला."

म्हातारी! तुझ्यापेक्षा चांगली आठ महिन्यांनी लहान आहे मी. तिथून जे भांडण सुरू झालं ते थेट शेवटपर्यंत.

तुझ्या पुतण्याने तो फॉर्म दोन दिवसांत बनवून दिला असता, तू स्वतःच सांगितलंस. मी विचारलं, मग इथे कशाला तडफडतेस? तर म्हणालीस, "धंदा माझा हाय ना? मंग प्रश्न पन मीच विचारनार." मला तेव्हा ते हट्टीपणाचं वाटलं. आहेसच तू हट्टी, पण त्या वाक्यात दम होता हे आता मान्य करते. तू नाहीस म्हणून करते हं, समोर असतीस तर केलं नसतं.

मग तो आठवडा आला, रकान्यात कोणी काय लिहिलं ते वाचायचा. आमच्या नेहा मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवलं: डॉलर, कंस, रकान्याचं नाव. मी तसंच्या तसं उतरवलं. रकान्यात 'सुनंदा' लिहिलं, बटण दाबलं. पडद्यावर काय आलं? 'नमस्कार, ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट.' परत केलं. परत ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट. एकतीस वर्षं फॉर्म वाचलेली बाई मी, आणि एका नावासाठी माझी ही गत! डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पुढच्या बाकावरची दोन पोरं खिदळली आणि मी पर्स उचलली.

तू माझा पदर धरून मला खाली बसवलंस. खरंच धरलास, वर्गाच्या देखत. म्हणालीस, "तू टोपली उचलून आनलीस गो. टोपली कोनी मागितली? आतला मावरा काढ." आणि माझ्या ओळीच्या शेवटी एका बोटाने टकटक करत लिहिलंस, डॉट वॅल, आणि पुढे उघडा-बंद कंस. बटण दाबलं. 'नमस्कार, सुनंदा.'

मला काय झालं काय सांगू. यंत्राने माझं नाव घेतलं म्हणून अठ्ठावन्न वर्षांची बाई टाळ्या पिटते? मी पिटल्या. तूही पिटल्यास. मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं कोणाला शॉक बसला. नंतर त्या सगळ्या वर्गाला टोपली आणि मावऱ्यानेच, म्हणजे मासळीनेच, समजावू लागल्या. ते श्रेय तुझं आहे आणि तुला कधी मिळालं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

पण तू काय लगेच पंडिता नव्हतीस. पुढच्याच आठवड्यात तुझी वाट लागली. तू फॉर्म बनवलास, नाव टाकलंस, बटण दाबलंस, आणि उत्तर कोरं. नाव 'कोळंबी' लिहून बघितलंस, तरी कोरं. शेवटी लॅपटॉपला अशी शिवी हासडलीस की खालचा फरसाणवाला वर बघायला आला. चूक मी शोधली, हे विसरू नकोस. वॅलने आतलं काढायची ओळ तू बटणाच्या बाहेर, अगदी वर लिहिली होतीस. पान उघडल्या उघडल्या तुझा फॉर्म रकान्यात हात घालत होता, गिऱ्हाइकाने एक अक्षर लिहायच्या आधीच. मी म्हटलं, "अगं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याला लिहू दे, बटण दाबू दे, मग विचार." तू पडद्याकडे बघत म्हणालीस, "हा तर माझा जुना रोग हाय. समोरचा बोलायच्या आदी मना उत्तर पायजे." ओळ उचलून बटणाच्या आत टाकलीस आणि पडद्यावर कोळंबी आली.

तो रोग तुझा फॉर्मातून गेला गं, तुझ्यातून गेला नाही. मला त्याचाच राग येत होता.

तुझा फॉर्म तयार झाला तेव्हा मी पहिला प्रश्न हाच केला, की किलोचा रकाना कुठे आहे? तू हसलीस. "किलो इचारला का गिऱ्हाईक घाबरतं. कमी मागवतं, मंग पोरं भांडतात. मी कवाच किलो नाय इचारत. घरात मानसं किती, पावने किती, येवडाच इचारते. माप माझा." तुझ्या आईची रीत ती, तिच्या आईची पण असेल. म्हणून फॉर्मात दोन रकाने आले, घरची माणसं आणि पाहुणे. दोन्हींची बेरीज तुझी सून चेतना तिकडे बघणार, मासे बांधणार आणि स्कूटरवरून पोचवणार. झकास.

पहिली ऑर्डर माझ्या नावाने टाकायची असं ठरलं. तू माझ्या घरी आली होतीस, रविवार होता, आणि मला विचारायच्या आधीच माझ्याच लॅपटॉपवर भराभरा लिहून टाकलंस. सुनंदा. मुलुंड पूर्व. घरची माणसं, एक. पाहुणे, एक. "एक तू, एक मी जेवायला," म्हणालीस आणि बटण दाबलंस.

मला ते 'एक' खटकलं. यांना जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी बंगळुरात. घरात एकच माणूस आहे हे मला काय नव्याने कळायचंय? पण आजवर कुठल्या कागदावर ते मी स्वतःच्या हाताने लिहिलं नव्हतं. शिधापत्रिकेवरसुद्धा अजून आमची तिघांची नावं आहेत. तू फटकन लिहून मोकळी झालीस. मी चहा टाकायला आत गेले. खरं सांगू? चहा नको होता मला.

दीड तासाने चेतना दारात. दोन्ही हातांत पिशव्या, तिसरी गळ्यात. "काकी, पावने कुठं हायत तुमचे?" ओले बोंबील, एवढे! मी बघतेय तुझ्याकडे, तू बघतेयस सुनेकडे.

"किती जनांचा आनलास गो?"

"अकरा! फॉर्मात अकरा आयलंय, आय. मी तीनदा बघितलं."

एक आणि एक अकरा! मॅडमनी नंतर समजावलं तेव्हा कळलं. वॅल जे काढून देतं ते अक्षर असतं, आकडा नव्हे. 'एक'शेजारी 'एक' मांडलं की यंत्र बेरीज करत नाही, चिकटवतं. आधी त्याला सांगावं लागतं की बाबा रे, हा नंबर आहे, मग बेरीज कर. पण हे सगळं नंतर. तेव्हा माझ्या ओट्यावर अकरा माणसांचे बोंबील होते, आणि ओल्या बोंबलाचं कसं, उद्यावर टाकलं तर पाणी.

"शाळंत नाय शिकलीस का?" तू पदर खोचत म्हणालीस. "एकावर एक अकरा. चल, पीठ काढ."

आणि मग काय केलंस! मला न विचारता जिन्यात उभी राहिलीस आणि पाटीशी बसल्यासारखी हाक दिलीस. दुसऱ्या मजल्यावरचं सावंत जोडपं सासूसकट आलं. वॉचमन यादव आला. तळमजल्याचे जोशी मास्तर 'वास कसला येतोय ते विचारायला' आले आणि सात तुकडे खाऊन गेले. नेहा मॅडमना फोन करून बोलावलंस, वर त्यांनाच दटावलंस की बेरीज का नाय शिकवली नीट. चेतना बोंबील दाबून सुकवतेय, तू तळतेयस, मी भाकऱ्या. माझ्या घरातल्या सगळ्या खुर्च्या कमी पडल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा. मोजून नऊ माणसं जमली आणि अकरा जणांचे मासे संपले. म्हणजे तुझा फॉर्म तसा काही फार चुकला नव्हता.

त्या दुपारी सगळे गेल्यावर तू भांडी घासत होतीस आणि मी पुसत होते. तेव्हा तुला सांगायचं होतं की हिरू, आज बरं वाटलं गं. ते राहिलं. त्याऐवजी मी म्हटलं, "तो नंबरवाला घोळ आधी दुरुस्त कर." केलास तू. दुसऱ्याच दिवशी.

आता भांडणाकडे येते.

रकान्यांना चांदण्या लावायच्या, म्हणजे हा भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, ही कल्पना माझी. नाही कशी म्हणू? एकतीस वर्षं मी रिकाम्या रकान्याचे फॉर्म खिडकीतून परत केले. लोक रडायचे, मी परत करायची. तुला ते मुळीच पटत नव्हतं. "एकादा नाय सांगत, तं नाय सांगत. मावरा द्यायचा नाय का त्याला?" मी म्हटलं, शिस्त म्हणून काही आहे की नाही? वाद घालून घालून मी चारही रकान्यांना चांदण्या लावून घेतल्याच. ओळी मीच लिहिल्या: वॅल रिकामं निघालं तर थांबव, लाल अक्षरांत 'हा रकाना भरा' दाखव.

आणि पहिली त्यात कोण अडकली? मीच. करावे तसे भरावे. तिसरा रकाना माझ्याच्याने भरवेना. 'एक' हे अक्षर बोटाखाली होतं आणि बोट जाईना. मग मी आपली तुला फोन करायची, "अर्धा वाटा कोळंबी पाठव गं, लॅपटॉप अपडेट होतोय." सहा आठवडे माझा लॅपटॉप अपडेट होत होता. तू ओळखलंस. तू न ओळखशील तर हिरू कसली? पण गप्प राहणं तुझ्या रक्तातच नाही.

त्या गुरुवारी फोनवर म्हणालीस, "फॉर्म भर. चांदन्या तूच लावल्यास ना? येक लिवाला काय हात मोडतो तुजा?"

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "माझ्या घरात माणसं किती, हे विचारणारी तू कोण?"

"मी मावरा देनारी."

"मग मावरा दे आणि गप्प बस!"

मी फोन ठेवला. तू परत केला नाहीस. शुक्रवारी कोळंबी आली, नेहमीपेक्षा जास्त, चेतनाच्या हाती. मी तिला 'आय कशी आहे' एवढंसुद्धा विचारलं नाही. वाटलं, राहू दे आठ-पंधरा दिवस, आपोआप वळणावर येईल. दहाव्या दिवशी सकाळी चेतनाचाच फोन आला. तू बाजाराला निघताना दारातच बसलीस ती उठली नाहीस.

हिरू, मला तुझा राग आला होता, हे खरंय. पण तुझं बरोबर होतं म्हणून आला होता. एवढं सांगायला दहा दिवस होते माझ्याकडे आणि मी सांगितलं नाही. हे जन्मभर टोचणार आहे, त्याला काही इलाज नाही.

इथं जरा थांबले होते. डोळे पुसले, आणि म्हटलं, चला, आज रडून काही मासे येणार नाहीत. तिसरा रकाना तसाच मोकळा सोडला, पाहुण्यांत एक शून्य टाकलं आणि बटण दाबलं. लाल अक्षरांची वाटच बघत होते. माझीच अक्षरं ती, मला ओरडायला.

आली नाहीत. 'तुमची ऑर्डर पोचली' असं हिरव्यात आलं.

मला वाटलं, घोळ झाला. फॉर्मामागच्या ओळी उघडल्या. नावाची चांदणी जागेवर, पत्त्याची जागेवर, पाहुण्यांचीसुद्धा. फक्त तिसऱ्या रकान्याच्या ओळींपुढे दोन-दोन तिरक्या रेघा. यंत्राला सांगायचं, या ओळी असू देत, पण वाचू नकोस. पुसल्या नव्हत्यास. माझ्या ओळी होत्या ना, म्हणून पुसल्या नसशील. नुसत्या गप्प केल्या होत्यास.

चेतनाला फोन लावला.

"आयनीच केलंय ते, काकी," ती म्हणाली. "तुमचा वाद झाला ना, त्याच सांजेला. माझ्याकडून लॅपटॉप घेऊन बसल्या. मी बोलली, कनाला? तं म्हनाल्या, सुनंदाला ती चांदनी टोचतंय. तिला सांगू नको, शेफारंल."

मी हसले गं. फोन कानाला धरून रडत रडत हसले. मेल्ये, जाता जाता वादात मला जिंकू दिलंस की स्वतः जिंकलीस, हे काही कळायला मार्ग ठेवला नाहीस. ज्या बाईला समोरचा बोलायच्या आधी उत्तर हवं असायचं, ती माझ्यासाठी थांबायला तयार झाली होती. त्याच संध्याकाळी! आणि मी वेडी दहा दिवस तुझ्या फोनची वाट बघत होते. तुझा निरोप तर फॉर्मातच होता. मी उघडला असता तर त्याच शुक्रवारी मिळाला असता.

चेतनाला म्हटलं, ती आत्ताची ऑर्डर रद्द कर, दुसरी टाकते. मग खाली गेले. सावंतांचं दार वाजवलं, सासूबाईंचे गुडघे बरे आहेत म्हणाले. यादवला त्याच्या भावासकट यायला सांगितलं. जोशी मास्तर म्हणाले, मी मासे खात नाही, किती वाजता येऊ? नेहा मॅडम नवऱ्याला घेऊन येणार आहेत. वर येऊन पहिल्यापासून फॉर्म भरायला बसले. नाव. पत्ता. तिसरा रकाना. आता कोणी अडवत नव्हतं, मोकळा सोडला असता तरी चाललं असतं. बोट गेलं. एक. मग चौथा रकाना, पाहुणे. बटण दाबलं.

पाच मिनिटांत चेतनाचा फोन.

"काकी, परत वाट लागली फॉर्मची! तुमचं अकरा दाखवतंय. तो जुनाच घोळ वाटतं."

"घोळ नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या आयने दुरुस्त केलाय तो. बेरीज बरोबर आहे."

"मंग अकरा कशे?"

"पाहुणे दहा. त्यात तू आणि तुझा नवरा धरलाय, तेव्हा पिशवी देऊन पळायचं नाही. बोंबील दाबायला हात लागतील मला."

तिकडे तिने रकाने बघितले असणार, कारण मग अगदी हळू म्हणाली, "काकी, तिसरा भरलाव तुम्ही."

भरला गं, हिरू. माझ्या हाताने. घरची माणसं, एक.